गाणी करायला लॅपटॉप घेताय? ग्राफिक्स कार्ड बाजूला ठेवा, आधी ‘टिक टिक’ कुठून येते ते बघा

‘बजेट सत्तर हजार, गाणी करायचीत, कुठला लॅपटॉप घेऊ?’ हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच, आणि मी उलट विचारलं की गाणी म्हणजे नक्की काय, गाणार का बीट बनवणार का शॉर्टफिल्मचं बॅकग्राउंड करणार, तर समोरचा वैतागतो, अरे तू फक्त मॉडेल सांग ना. आता मॉडेल सांगून खरंच उपयोग नसतो हो, कारण थोड्या महिन्यांत ते बाजारातून गायब होतं नाहीतर तेच नाव लावून आतून भलतंच काहीतरी यायला लागतं. त्यापेक्षा गाणं बनताना लॅपटॉपच्या आत काय चालतं ते एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही दुकानात कुठल्याही डब्यासमोर उभे राहा, तुमचं तुम्हाला कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे हे काम व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंगसारखं नाहीये. व्हिडिओ एक्स्पोर्ट होताना लॅपटॉप मध्येच दोन सेकंद अडकला तर काय बिघडलं, एक्स्पोर्ट दोन सेकंद उशिरा संपेल, बस. आवाजाला ही सवलत नाही. साध्या सीडी क्वालिटीत सुद्धा एका सेकंदाला ४४,१०० सॅम्पल्स, म्हणजे आवाजाचे मोजलेले बारीक ठिपके, स्पीकरकडे गेले पाहिजेत आणि ते अखंड गेले पाहिजेत. कॉम्प्युटर ते एकेक करून पाठवत नाही, छोटे छोटे गठ्ठे करून पाठवतो, आणि त्या गठ्ठ्याच्या आकाराला बफर म्हणतात. समजा तुमच्या गाणी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर १२८ सॅम्पल्सचा ठेवलाय, तर ४४,१०० भागिले १२८, म्हणजे सेकंदाला साधारण ३४५ गठ्ठे, आणि एका गठ्ठ्याला वेळ मिळतो २.९ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात त्याने सगळे ट्रॅक वाचायचे, प्रत्येकावरचे ईक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब असले आवाजाला आकार देणारे इफेक्ट लावायचे, सिंथ, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं वाद्य, असेल तर त्याचा आवाज तयार करायचा, सगळं मिसळायचं आणि पुढे द्यायचं, आणि लगेच पुढचा गठ्ठा. हे गाणं संपेपर्यंत.

यातला एक जरी गठ्ठा उशिरा आला की स्पीकरकडे द्यायला काही नसतं आणि तुम्हाला ऐकू येतं ‘टिक’. दोन-चार उशिरा आले तर ‘टर्र’. तबलजी कितीही तयार हाताचा असू दे, रात्रभर समेवर चोख आला आणि एकदाच चुकला तर लोक घरी जाताना त्या एकदाचंच बोलतात, तसंच आहे हे. लॅपटॉप सरासरी किती फास्ट आहे याला इथे फारशी किंमत नाही, त्याचा सगळ्यात वाईट क्षण किती वाईट आहे याला आहे. यूट्यूबवरचे रिव्ह्यू सगळे सरासरीवर बोलतात आणि घोळ तिथेच होतो.

मग लोक म्हणतात बफर मोठा करा की. करा ना, १०२४ केला तर २३ मिलिसेकंद मिळतात, लॅपटॉप निवांत होतो, टिक टिक थांबते, आणि मिक्सिंग करताना तसंच करायचं असतं. पण कीबोर्डवर पट्टी दाबली आणि आवाज इतक्या उशिरा आला तर वाजवणं अशक्य होतं, लय सतत मागे खेचल्यासारखी वाटते. या उशिराला लेटन्सी म्हणतात. अंदाज यावा म्हणून सांगतो, आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंद लेटन्सी म्हणजे वाद्य तुमच्यापासून साडेतीन मीटरवर ठेवल्यागत, हे चालतं, स्टेजवर आपण असेच वाजवतो. तीस-चाळीसवर गेलं की भल्याभल्यांचा हात अडखळतो. आणि लक्षात घ्या, गाताना आवाज आत येताना एक बफर लागतो, बाहेर जाताना एक, वर इंटरफेसचा (माइक-वाद्य लॅपटॉपला जोडणारा बाहेरचा डबा) आणि ड्रायव्हरचा (तो डबा लॅपटॉपशी बोलतो ते सॉफ्टवेअर) स्वतःचा थोडा वेळ, त्यामुळे १२८ वर सुद्धा येऊन-जाऊन आठ-दहा मिलिसेकंद होतातच. ब्लूटूथ हेडफोनचं तर विचारूच नका, त्यात शंभरच्या वर सहज जातं, गाणी ऐकायला ठीक पण वाजवायला-गायला अजिबात नाही, वायरवालाच घ्या.

आता प्रोसेसर, आणि इथे जरा थांबू कारण पैसे इथेच चुकतात. एका ट्रॅकवर तुम्ही गिटारचा ॲम्प सिम्युलेटर, म्हणजे ॲम्प्लिफायरची नक्कल करणारा इफेक्ट, लावला, त्यावर ईक्यू, त्यावर कॉम्प्रेसर, त्यावर डिले. हे एकामागून एकच होऊ शकतं ना, ईक्यूचं काम झाल्याशिवाय कॉम्प्रेसरला काही मिळतच नाही, म्हणून ती अख्खी साखळी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला एकेक कामगार), बाकीचे कोअर रिकामे बसले तरी मदतीला येऊ शकत नाहीत. मास्टर ट्रॅकवर तर सगळं गाणं एकत्र येतं आणि लोक तिथे सात-आठ प्लगिन, म्हणजे असलेच इफेक्ट, रचतात. म्हणून होतं काय की विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, तीस टक्के दिसतो आणि गाणं मात्र टर्र टर्र करतंय, मग माणूस म्हणतो लॅपटॉप खराब आहे, साउंड कार्ड बदल. साउंड कार्डचा काही दोष नसतो, एक कोअर शंभरला टेकलेला असतो आणि तीस टक्के ही सगळ्यांची सरासरी असते, एवढंच. म्हणून सॉफ्टवेअरच्या आतला मीटर बघायचा, विंडोजचा नाही.

याचा अर्थ, एकेक कोअर किती दमदार हे आधी, कोअर किती हे नंतर. ट्रॅक खूप असतील तर जास्त कोअर कामाला येतात, कारण वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर वाटता येतात.

आणि दुकानात ‘आय सेव्हन आहे साहेब, टॉप’ असं म्हणून जे गळ्यात मारतात ना, तिथे नंबरच्या शेवटचं अक्षर बघा. उदाहरणच घेऊ. इंटेलचा आय सेव्हन १३५५यू, यात दहा कोअर, ऐकायला भारी. पण त्यातले मोठे दमदार कोअर दोनच, बाकी आठ बारके, वीज वाचवणारे, आणि चिप मुळात १५ वॉटवर चालायला बनवलेली. त्याच्या शेजारी स्वस्तातला आय फाइव्ह १३४२०एच ठेवा, आठच कोअर, पण चार मोठे आणि ४५ वॉटची चिप. गाण्याच्या कामाला मी डोळे मिटून तो आय फाइव्ह घेईन, आणि वाचलेल्या पैशात रॅम टाकेन. यू म्हणजे पातळ, हलका, बॅटरी वाचवणारा, एच आणि एचएक्स म्हणजे जोरवाला. एएमडीच्या रायझेनमध्ये पण यू, एचएस, एचएक्स असेच पाठीमागे लागतात आणि अर्थ साधारण तोच. इंटेलने आता नावं कोअर अल्ट्रा वगैरे केलीत, तरी शेवटचं अक्षर आहेच. त्यातल्या व्ही मालिकेत रॅम चिपसोबतच बसवलेली येते, १६ नाहीतर ३२ जीबी, नंतर वाढवायचा विषय संपला, हे माहीत असू द्या.

चिप जोरदार असून भागत नाही, ती थंड पण राहिली पाहिजे. पातळ मशीन पहिली पाच मिनिटं सुसाट पळतं, मग तापतं, मग स्वतःच वेग कमी करतं, आणि ते नेमकं तुम्ही फायनल टेक घेताना. एप्रिल-मे मध्ये अकोल्या-नागपूरकडे खोलीच चाळीसला टेकलेली असेल तर हे लवकर होतं, आणि रेकॉर्डिंगसाठी तर आपण पंखा-कूलर बंद करून, दारंखिडक्या लावून बसतो. गेमिंग लॅपटॉप लोकांना विचित्र वाटतो गाण्यासाठी, लाल लाइट, जाडजूड, पण त्याचं कूलिंग चांगलं असतं, एच मालिकेचा प्रोसेसर असतो, बऱ्याच मॉडेलमध्ये रॅमचे दोन स्लॉट उघडे असतात, त्यामुळे मध्यम बजेटमध्ये विंडोजवर मला तरी तोच सरळ पर्याय वाटतो. त्याचा एकच मोठा ताप, पंख्याचा आवाज. माइक लावून तानपुऱ्यावर आलाप घ्यायला बसलात आणि शेजारी विमान उडायची तयारी करतंय. यावर उपाय आहे, बहुतेक व्होकल माइक कार्डिऑइड असतात, समोरचं ऐकतात आणि बरोबर पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतात, तर लॅपटॉप माइकच्या पाठीमागे, जरा लांब ठेवायचा. इंटरफेसची यूएसबी केबल तीन मीटरची घेतली की हे सहज जमतं. वर बफर वाढवून, जड प्लगिन तेवढ्यापुरते बंद करून रेकॉर्ड करायचं, म्हणजे पंखा पण शांत.

बफर वाढवून रेकॉर्ड कसं करणार, आत्ताच तर लेटन्सी म्हणत होतास, असं कोणीतरी म्हणणारच. तर हे नीट ऐका कारण यात बऱ्याच जणांचे वीस-तीस हजार वाचू शकतात. बहुतेक ऑडिओ इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर नावाचं बटण असतं. ते चालू केलं की तुमचा आवाज माइकमधून इंटरफेसमध्ये येतो आणि तिथूनच परस्पर हेडफोनला जातो, लॅपटॉपमध्ये जाऊन परत यायची वाटच बघत नाही. लेटन्सी जवळजवळ शून्य, बफर भले १०२४ असो, फक्त सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद ठेवायचं नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल. म्हणजे ज्याला अभंग, भावगीत, गवळण गायची, हार्मोनियम-तबला माइक लावून घ्यायचा, वर थोडं मिक्स करायचं, त्याला महागडा लॅपटॉप लागतच नाही. घरात पाच-सहा वर्षांपूर्वीचा बरा लॅपटॉप असेल, त्यात एसएसडी आणि १६ जीबी रॅम टाका, आणि उरलेले पैसे माइकवर आणि खोलीतला घुमारा मारण्यावर घाला, गोधड्या-गाद्या लावा भिंतीला. ऐकणाऱ्याला प्रोसेसर ऐकू येत नाही, खोली येते.

ज्याला लेटन्सी खरोखर नडते तो वेगळा माणूस. मिडी कीबोर्डवरून (पट्ट्या असतात पण स्वतःचा आवाज नसतो तो) सॉफ्टवेअरमधलं वाद्य वाजवणारा, किंवा गिटार थेट लावून आवाज प्लगिनमधून घेणारा, कारण त्याचा आवाज लॅपटॉपच्या आतच जन्माला येतो, डायरेक्ट मॉनिटरला तिथे काही अर्थ नाही. बीट आणि ईडीएमवाल्यांचं पण तेच. काही सिंथ प्रचंड खातात, यू-ही कंपनीचा डिव्हा नावाचा सिंथ वरच्या क्वालिटीवर लावून चार सुरांचा कॉर्ड धरून बघा, चांगल्या चांगल्या मशीनला घाम फुटतो. यांनी प्रोसेसरवर हात आखडता घेऊ नये. मात्र एक जुनी युक्ती सगळ्यांना लागू, ट्रॅक झाला की फ्रीझ करा. म्हणजे सॉफ्टवेअर त्या ट्रॅकचा साधा ऑडिओ करून ठेवतं, सिंथ आणि प्लगिन झोपतात, लॅपटॉप हलका होतो, आणि बदल करायचा असेल तर परत उघडता येतो. नव्या पोरांना हे माहीतच नसतं आणि ती लॅपटॉप बदलायला निघतात.

तिसरा प्रकार बॅकग्राउंड स्कोअरवाला, व्हायोलिनचे ताफे, कॉयर, ब्रास, सगळं सॅम्पल लायब्ररीतून, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या आधीच रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या साठ्यातून. यांचं दुखणं रॅम. का ते बघा. समजा कोणी ढोलकीची सॅम्पल लायब्ररी बनवली. आठ बोल धरू. प्रत्येक बोल हळू ते जोरात पाच पातळ्यांवर रेकॉर्ड केला, चाळीस झाले. लागोपाठ तोच बोल आला की मशीनगनसारखं वाटतं म्हणून प्रत्येकाचे चार-चार टेक, १६०. जवळचा माइक, लांबचा माइक, खोलीचा माइक, ४८० फायली, आणि ही फक्त एक ढोलकी. आता सत्तर-ऐंशी वाद्यांच्या ऑर्केस्ट्राचा हिशोब करा. या फायली वाजवणारं कॉन्टॅक्टसारखं सॉफ्टवेअर, सॅम्पलर म्हणतात त्याला, तो काय करतो, प्रत्येक फायलीचा सुरुवातीचा तुकडा आधीच रॅममध्ये आणून ठेवतो म्हणजे पट्टी दाबताच आवाज निघतो, आणि तेवढा वाजेपर्यंत बाकीचा डिस्कवरून ओढतो. म्हणून रॅम पण लागते आणि एसएसडी पण लागते, आणि एसएसडी चांगली असेल तर तो सुरुवातीचा तुकडा लहान ठेवता येतो, रॅम वाचते. स्पिटफायर कंपनीच्या बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा या लायब्ररीची प्रो आवृत्ती एकटी ६०० जीबीच्या आसपास जागा मागते. २५६ जीबीचा लॅपटॉप घेऊन असल्या लायब्ररीची स्वप्नं बघणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

आकडेच हवे असतील तर आजच्या तारखेला ८ जीबी रॅमचा लॅपटॉप गाण्यासाठी नवा घेऊच नका, १६ ला बहुतेकांचं भागतं, स्कोअरवाल्यांनी ३२ पासून सुरुवात करावी. घेताना एवढं विचारा, रॅम सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डावर कायमची चिकटवलेली, आहे का स्लॉट आहे. सोल्डर असेल तर आज घ्याल तीच कायमची. स्लॉट असेल तर १६ वर सुरू करा आणि पुढे पुण्याच्या तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन वाढवून घ्या, फक्त वॉरंटीचं आधी विचारून.

डिस्कबद्दल एक गंमत. लोकांना वाटतं रेकॉर्डिंगला भयंकर फास्ट डिस्क लागते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट खातो. असे चाळीस ट्रॅक एकदम वाजले तरी सेकंदाला सहा एमबी सुद्धा होत नाहीत, जुनी फिरणारी हार्ड डिस्क पण हे करते. चार मिनिटांचं चाळीस ट्रॅकचं गाणं दीड जीबीच्या आत बसतं. एसएसडीचा फायदा दिसतो तो प्रोजेक्ट पटकन उघडायला आणि सॅम्पल लायब्ररीच्या हजारो बारक्या फायली इथून तिथून उचलायला. म्हणून आतली ५१२ जीबीची एसएसडी आणि लायब्रऱ्यांसाठी बाहेरून एक एसएसडी, हे गणित खिशाला परवडतं. सॅम्पल रेट पण ४८ वरच ठेवा. ९६ केलात तर तोच १२८ चा बफर १.३ मिलिसेकंदांत संपतो आणि कामही दुप्पट.

ग्राफिक्स कार्ड. गाण्याला लागत नाही. संपलं. व्हिडिओ पण करणार असाल तर घ्या. उलट काही लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हरच मध्ये मध्ये प्रोसेसरला अडवून धरतो आणि टिक टिक होते, त्यावर येतोच.

मॅक का विंडोज, यावर भांडणं झाल्याशिवाय कुठलाच ग्रुप राहत नाही. माझं मत सांगतो. मॅकचा खरा फायदा चिप किती फास्ट यात नाही, आवाजाची व्यवस्था ओएसमध्येच, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच, नीट आहे यात आहे, कोअर ऑडिओ म्हणतात तिला. विंडोजची स्वतःची ऑडिओ व्यवस्था मुळात या कामासाठी नव्हती, म्हणून क्यूबेस हे गाण्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये एसिओ नावाचा वेगळा रस्ता काढला आणि आज पण विंडोजवर तोच चालतो. इंटरफेसच्या कंपनीने स्वतःचा चांगला एसिओ ड्रायव्हर दिला असेल तर विंडोज पण उत्तम चालतं, कोणी सांगू दे काही. नसेल तर एसिओ फॉर ऑल नावाचा सगळ्यांना चालणारा फुकट ड्रायव्हर वगैरे जुगाड, जो तात्पुरता ठीक. मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, त्यामुळे शांतता, घरी एकट्याने गाणारा-वाजवणारा असेल तर हे फार मोठं सुख आहे, फक्त तासभर जड प्रोजेक्ट चालवला की ते पण तापून मंदावतं. ऑक्टोबर २०२४ पासून ॲपलने एअरमध्ये सुरुवातच १६ जीबीपासून केली, त्यामुळे आधी जो ८ जीबीचा सापळा होता तो नव्या मॉडेलमध्ये गेला, पण स्टोरेज वाढवायचे पैसे अजून डोळ्यांत पाणी आणतात, तिथे बाहेरची एसएसडीच लावा.

कुठलं सॉफ्टवेअर वापरणार यावर पण हे ठरतं. लॉजिक फक्त मॅकवर चालतं, ॲपलने २००२ मध्ये त्याची मूळ कंपनी विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद केली. एफएल स्टुडिओ, एबलटन, क्यूबेस, रीपर दोन्हीकडे चालतात. तुम्ही ज्याच्याबरोबर काम करता तो काय वापरतो ते बघा, अरेंजर मित्र क्यूबेसवर आणि तुम्ही लॉजिकवर असाल तर प्रत्येक वेळी सगळे ट्रॅक वेगळे काढून पाठवत बसाल.

लॅपटॉप घेऊन फिरायचंच नसेल, म्हणजे शेवटी सगळं काम एकाच टेबलावर होणार असेल, तर मॅक मिनीचा, म्हणजे ॲपलच्या छोट्या डेस्कटॉपचा, विचार करा. ॲपलच्या स्वतःच्या एम ४ चिपवाला १६ जीबीचा मिनी भारतात ५९,९०० ला आला होता आणि त्याच चिपचं एअर ९९,९०० ला. मॉनिटर-कीबोर्ड धरून पण पैसे वाचतात, आणि मोठ्या स्क्रीनवर चाळीस ट्रॅक बघायला डोळ्यांना बरं. कार्यक्रमाला न्यायचं असेल तर अर्थात लॅपटॉपच.

दोन ठिकाणी सावध. एक, सेकंडहँड इंटेलवाला मॅकबुक स्वस्तात मिळतोय म्हणून उड्या मारू नका, ॲपलने २०२५ मध्येच सांगून टाकलं की मॅकओएस २६ नंतर इंटेलला नवी ओएस नाही. सेकंडहँडच घ्यायचा तर एम १ पासून पुढचा, १६ जीबीवाला, बॅटरीची तब्येत बघून. दोन, स्नॅपड्रॅगन चिपचे विंडोज लॅपटॉप, बॅटरी मस्त, वजन मस्त, पण ती वेगळ्या जातीची चिप आहे. साधी सॉफ्टवेअर त्यावर भाषांतर करून चालवता येतात, हार्डवेअरचे ड्रायव्हर मात्र तसे चालत नाहीत, ते खास त्या चिपसाठी बनवलेलेच लागतात. तुमच्या इंटरफेसचा तसा ड्रायव्हर आहे हे कंपनीच्या साइटवर स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

पोर्ट मोजून घ्या. इंटरफेस, मिडी कीबोर्ड, बाहेरची एसएसडी, काही प्लगिनना लागणारा डोंगल (लायसन्सची यूएसबी किल्ली), माउस, पाच झालेच, आणि पातळ लॅपटॉपला भोकं दोन. हब लावायचाच झाला तर इंटरफेस मात्र थेट लॅपटॉपला, बाकीचं हबवर.

आणि आपल्याकडची एक खास गोष्ट, अर्थिंग. चार्जर लावला की लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, आणि हेडफोनमध्ये घूं असा आवाज, हे जुन्या वाड्यांत आणि चाळीत फार. दोनशे रुपयांच्या एक्स्टेन्शन बोर्डात तिसरी पिन असते पण तिच्यामागे वायरच जोडलेली नसते, असं पण बघितलंय. तपासायला सोपं, चार्जर काढा, घूं थांबली तर लॅपटॉप-इंटरफेस ठीक आहेत, इलेक्ट्रिशियनला बोलवा. म्हणून बॅटरीवर दीड-दोन तास नीट चालणारं मशीन इथे कामाचं. लाइट गेली तरी यूएसबीवर चालणारा इंटरफेस लॅपटॉपच्या बॅटरीवर चालू राहतो आणि टेक वाया जात नाही. फक्त बरेच विंडोज लॅपटॉप चार्जर काढला की वेग कमी करतात, त्यामुळे रेकॉर्डिंग बॅटरीवर आणि जड मिक्स चार्जरवर.

आता घेतल्यावर, किंवा दुकानदार ओळखीचा असेल तर घेण्याआधीच, ही तपासणी करा. विंडोजसाठी लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, घरगुती वापराला फुकट. ते काय बघतं, तर एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला मध्येच किती वेळ धरून ठेवतो. वायफायचा, ग्राफिक्सचा आणि बॅटरी सांभाळणारा ड्रायव्हर हे नेहमीचे आरोपी. चार्जर लावून, वायफाय चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. आकडे मायक्रोसेकंदात येतात, हजार म्हणजे एक मिलिसेकंद. तुमच्याकडे एका गठ्ठ्याला मिळून २.९ आहेत आणि एखादा ड्रायव्हर त्यातले दोन एकटाच गिळतोय असं दिसलं तर प्रोसेसर कितीही भारी असू दे, टिक टिक होणारच. मग वायफाय बंद करून परत बघा, बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हर अपडेट करून परत बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर सुटतं. नाही सुटलं तर परत करायची मुदत आहे तोवर सरळ परत करा, पुढे कोणी ऐकून घेत नाही. त्यासोबत रीपर टाका, साठ दिवस पूर्ण चालतं काही न अडवता, आपलाच एक जड प्रोजेक्ट बनवून १२८ च्या बफरवर अर्धा तास लूपवर सोडा आणि जेवायला जा. आल्यावर आवाज साफ आहे का, पंखा किती ओरडतोय, कीबोर्डचा वरचा भाग किती तापलाय ते हाताने बघा. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच पास होतात.

पास झाला की विंडोजमध्ये पॉवर मोड परफॉर्मन्सवर, क्लाउड सिंक काम करताना थांबवलेलं, रेकॉर्डिंगला वायफाय बंद. क्रॅक, म्हणजे चोरीच्या, प्लगिनचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण नव्या लॅपटॉपवर पहिल्याच दिवशी शंभर क्रॅक टाकून मग ‘हा क्रॅश होतो’ म्हणून फोन करू नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुनं मशीन चालवत असाल तर निदान रेकॉर्डिंगवालं इंटरनेटपासून लांब ठेवा. मॅकची नवी ओएस दरवर्षी पाऊस संपता संपता येते आणि तेव्हा नेमकी गणपती-नवरात्राच्या गाण्यांची घाई असते. प्लगिन आणि इंटरफेसच्या कंपन्या ‘आमचं चालतं’ असं लिहीपर्यंत ते अपडेटचं बटण दाबू नका, निदान हातातलं गाणं जाईपर्यंत तरी नाहीच.